हरभऱ्याचं ओलीत, पौष महिना आणि आठ बैठका

यवतमाळ जिल्ह्यातलं गाव, तालुक्याच्या ठिकाणापासून १४ किलोमीटर. कास्तकार, वय ४७, शिक्षण दहावी. सात एकर वावर, त्यातलं दोन एकर विहिरीवर भिजतं. खरिपात पऱ्हाटी, म्हणजे कापूस, आणि तूर, रब्बीत विहिरीच्या भरवशावर हरभरा. घरात आई, बायको, आणि वारलेल्या धाकट्या भावाची पत्नी तिच्या मुलीसह. मुलगा अमरावतीला स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. तक्रार एका वाक्याची, तीही बायकोने सांगितलेली: दिवाळी झाली की हे बसून जातात. लागोपाठ चौथा हिवाळा.

हे प्रकरण कोणा एका माणसाचं नाही. ग्रामीण विदर्भात समुपदेशनाच्या कामात पुन्हापुन्हा समोर येणाऱ्या बाबी एकत्र करून ते उभं केलं आहे, म्हणजे कोणाची ओळख उघडी पडणार नाही आणि कामाचे तपशील मात्र जसेच्या तसे सांगता येतील. गावपातळीवर काम करणाऱ्यांना आणि ज्यांच्या घरात असा हिवाळा येतो त्यांना ते उपयोगी पडावं, हा हेतू.

घरातून दवाखान्यापर्यंत

आधीच्या तीन हिवाळ्यांत उपचार झाले नव्हते असं नाही. अंग गळतं, डोकं जड राहतं, भाकर गोड लागत नाही, एवढं सांगितल्यावर कमजोरी समजून सलाईन आणि ताकदीची सुई मिळाली. दुसऱ्या वर्षी मेडिकलमधून झोपेच्या गोळ्या आणल्या. मनाचा विषय कोणी काढला नाही, कारण रुग्णाने शरीराच्याच तक्रारी सांगितल्या. आपल्याकडे बहुतेकांचं नैराश्य असंच दवाखान्यात येतं: छातीत धडधड, गॅस, हातापायांची आग, झोप नाही. ‘मले उदास वाटते’ असं म्हणत कास्तकार ओपीडीत येत नाही, आणि तो तसं म्हणेल म्हणून वाट पाहणंही चुकीचं.

यंदा बायकोने नोव्हेंबरच्या शेवटी आशाताईंना सांगितलं: ‘रात्री तीनले उठून बसतात. कापूस घरात पडला, इकायचं नाव नाई. बोललं त अंगावर येतात, नाईतर बोलतच नाई.’ आशाताईंनी कास्तकाराला दोन प्रश्न विचारले. गेल्या दोन आठवड्यांत कामात, गोष्टींत मन लागेनासं झालंय का? उदास, निराश वाटतं का? प्रत्येकाला ० ते ३ गुण असतात आणि दोन्ही मिळून ३ किंवा जास्त झाले, तर पूर्ण नऊ प्रश्नांची तपासणी करायची. इथे ५ आले. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने नऊ प्रश्न, म्हणजे पीएचक्यू-९, विचारले. या तपासणीत एकूण २७ गुण. ५ पासून सौम्य नैराश्य, १० पासून मध्यम, १५ पासून मध्यम-तीव्र, २० पासून तीव्र. यांचे १६.

एकूण बेरजेइतकाच नववा प्रश्न महत्त्वाचा असतो: मेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी, असे विचार येतात का. उत्तर होतं, ‘कधीमधी’. तिथे कागद बाजूला ठेवून पुढचं सरळ विचारावं लागतं. काय करायचं ते ठरवलंय का? पूर्वी कधी प्रयत्न केला होता का? हाताशी काय आहे? असं विचारल्याने डोक्यात नसलेली गोष्ट भरते, ही भीती अनेक कार्यकर्त्यांना वाटते. ती खरी नाही. उलट, कोणीतरी विचारलं याने माणसाला सुटल्यासारखं होतं. ठरवलेलं काही नव्हतं, पूर्वीचा प्रयत्न नव्हता. पण फवारणीची उरलेली औषधं घरातच, पलंगाखाली होती. त्याच संध्याकाळी ती चुलतभावाच्या कोठ्यातल्या कुलपाच्या पेटीत गेली आणि किल्ली त्याच्याकडेच राहिली. हे काम ‘उद्या करू’ म्हणून सोडायचं नसतं. खरीप संपल्यावर विदर्भातल्या किती घरांत अशा अर्ध्या बाटल्या पडून असतात, ते गावात फिरणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

बायकोच्या आणि त्यांच्याही मोबाइलमध्ये १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेचा, क्रमांक घातला गेला. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली ही सेवा मोफत आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड आणि बी-१२ तपासायला दिलं. थायरॉइड कमी पडलं किंवा रक्त कमी असलं तरी हेच सगळं दिसू शकतं, त्यामुळे ही पायरी गाळू नये. बी-१२ कमी निघालं, त्याची भरपाई सुरू झाली. बाकी ठीक.

आठवड्याच्या आत जिल्हा ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञांची भेट झाली. त्यांनी दोन्ही गोष्टी समोर ठेवल्या: गोळी आणि बोलण्याचे उपचार. ‘गोळीची सवय लागते’ म्हणून यांनी नको म्हटलं. सवय लागते ती मेडिकलमधून मागून आणलेल्या झोपेच्या काही गोळ्यांची. नैराश्यावरच्या गोळीची तशी ओढ लागत नाही. तिचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात आणि ती मनाने एकदम बंद करायची नसते, एवढंच. डॉक्टरांनी हे समजावलं, आग्रह धरला नाही, पण अट घातली: चार आठवड्यांत निदान ५ गुण उतरले नाहीत, तर गोळीचा विषय पुन्हा निघणार. आणि नवव्या प्रश्नाचं उत्तर वाढलं तर त्याच दिवशी.

हा उन्हाचा आजार आहे का

हिवाळ्यात येणारं नैराश्य म्हटलं की दिवस लहान होण्याचं कारण लगेच पुढे येतं. अमेरिकेत १९८४ मध्ये नॉर्मन रोझेन्थल आणि सहकाऱ्यांनी त्याचं वर्णन केलं. त्यात माणूस जास्त झोपतो, जास्त खातो, गोड आणि पिठूळ खायची हाव सुटते, वजन वाढतं. उपचार म्हणून सकाळी अर्धा तास दहा हजार लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) दिव्यासमोर बसवतात. लंडनला डिसेंबरात दिवस आठ तासांचाही नसतो, तिथे हे पटतं. यवतमाळला सगळ्यात लहान दिवस जवळपास १० तास ५० मिनिटांचा. सगळ्यात मोठ्या दिवसाहून अडीच तासांनीच कमी. आणि इथल्या डिसेंबरच्या सकाळी अंगणात, सावलीत बसलं तरी दहा हजार लक्सच्या आसपास किंवा जास्त उजेड मिळतो. शिवाय यांची लक्षणं उलटी: झोप कमी, भूक कमी, वजन चार किलोने उतरलेलं.

म्हणून ‘सकाळचं ऊन घ्या’ एवढ्यावर हे प्रकरण सोडणं बरोबर नव्हतं. सकाळच्या उन्हाचा शरीराच्या घड्याळाला फायदा होतो, ते सांगितलंही. पण आपल्या भागातला हिवाळा माणसावर उन्हाने येत नाही, कामाने आणि हिशेबाने येतो. कापूस घरात येतो, भाव ठरतो, वर्षभराची उधारी याच महिन्यांत मागायला येते. विहिरीच्या मोटरला लागणारी थ्री फेजची लाइन काही आठवडे दिवसा, काही आठवडे रात्री. रात्रीच्या लाइनला दंवात ओलिताला उभं राहायचं. रानडुकरं आणि रोही (नीलगाई) यांच्यामुळे रात्री राखणीला, जागलीला जायचं. लग्नसराई डोक्यावर. आणि ज्या घरातलं माणूस याच दिवसांत गेलं, त्या घरात तिथीही याच दिवसांत येते. कोणाच्या बाबतीत यातलं काय लागू पडतं, हे शोधणं समुपदेशकाचं काम. आमच्या मते ग्रामीण विदर्भात हिवाळी नैराश्याच्या पहिल्या भेटीत लक्षणांच्या यादीबरोबर घराचं शेतीचं वर्ष लिहून घ्यायला हवं: कोणत्या महिन्यात काय काम, रात्री कोण जागतं, कोणाला किती देणं.

जागा आणि वार

समुपदेशक ग्रामीण रुग्णालयात होत्या. बैठका घरी घ्यायच्या का, हा प्रश्न आला आणि लगेच निकालात निघाला: ओसरीत आई, पलीकडे भावाची पत्नी, भिंतीपलीकडे शेजार. उपकेंद्रात भेटलं तर गावाला अर्ध्या तासात कळतं. शेवटी तालुक्याच्या आठवडी बाजाराचा वार ठरला. त्या दिवशी मजूर कापसाच्या वेच्याला येत नाहीत, गावातून काळीपिवळ्या जातात, आणि बाजाराला चाललेल्या माणसाला ‘कुठं चालले?’ असं विचारलं तरी उत्तर तयार असतं. वेळ सकाळी साडेअकरा, चाळीस मिनिटं. दुपारची वेळ दिली असती तर परतीची गाडी चुकली असती, आणि गाडी चुकण्याच्या धास्तीत बसलेला माणूस मोकळं बोलत नाही.

अशा साध्या व्यवस्थेवर उपचार टिकतात किंवा मोडतात. ‘रुग्ण फॉलोअपला आला नाही’ असं नोंदवहीत लिहिलं जातं तेव्हा बहुतेकदा वार चुकीचा दिलेला असतो.

बैठका

पद्धत नवी नव्हती. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत मध्यम-तीव्र आणि तीव्र नैराश्याच्या रुग्णांवर सहा ते आठ बैठकांचा असा उपचार तपासला गेला होता. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले आणि नेहमीच्या उपचारापेक्षा तो सरस ठरला. बैठका घेणारे मानसतज्ज्ञ नव्हते. प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसं होती. गाभा असा: मन खाली गेलं की काम सुटतं, काम सुटलं की मन आणखी खाली जातं. ‘बरं वाटलं की करीन’ म्हणून थांबलं, तर ते बरं वाटणं येतच नाही. म्हणून क्रम उलटा करायचा. आधी अगदी लहान, ठरवलेलं काम. मन मागून येतं.

पहिल्या बैठकीत हे सांगितलं, आणि गोपनीयतेचंही: इथलं बोलणं बाहेर जाणार नाही, कायद्यानेही ते बंधन आहे, जिवाला धोका दिसला तरच घरच्यांना आणि डॉक्टरांना कळवू. ‘मॅडम, बोलून काय होते? कापसाचा भाव वाढते का?’ असं त्यांनी विचारलं. समुपदेशक म्हणाल्या, ‘नाही भाऊ, भाव नाही वाढत. पण कापूस विकायला जायची ताकद येते का, ते पाहू.’ हे उत्तर योग्य होतं. बोलण्याच्या उपचाराने जे होणार नाही ते पहिल्याच दिवशी कबूल केलं, की पुढच्या बोलण्यावर विश्वास बसतो.

घरी करायचं काम दिलं: दिवसभरात काय केलं आणि मन कसं होतं, त्याची नोंद, ० ते १० गुणांत. आठवड्याने वही कोरी आली. आळस हे कारण नव्हतं. संध्याकाळी अंगात त्राण नसायचं, वही पाहून आई विचारायची, आणि मनाला गुण कसे द्यायचे तेच समजेना. मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेच्या चौकटीत पेन्सिलीने दोन आकडे लिहायचं ठरलं, एक सकाळचा, एक संध्याकाळचा. पिकाची पैसेवारी काढतात तशी मनाची पैसेवारी. पन्नासच्या खाली म्हणजे दुष्काळ, हे कास्तकाराला समजवावं लागत नाही. घरच्यांना वाटलं दुधाचा हिशेब आहे.

दुसऱ्या आठवड्याच्या आकड्यांनी पहिला धागा दिला. रात्रीच्या लाइननंतरच्या सकाळी १५ ते २० पैसे. चुलतभावाबरोबर तुरीच्या शेंगा तोडल्या त्या दिवशी ४०. नुसतं घरात बसलेल्या दुपारी १०. मग कामं ठरली, आणि ठरवताना एक गोष्ट कटाक्षाने टाळली: ‘रोज फिरायला जा, गाणी ऐका, छंद जोपासा.’ गावात भर हंगामात विनाकारण फिरणाऱ्याला चार जण अडवून विचारतात, तो अर्ध्या रस्त्यातून परत येतो आणि आणखी एक गोष्ट जमली नाही म्हणून खचतो. त्याऐवजी: सकाळी साडेसातला दुधाचा कॅन स्वतः डेअरीवर न्यायचा, जाऊन येऊन वीस मिनिटं, वाटेत ऊन. शनिवारी संध्याकाळी गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेला जायचं, शेवटच्या रांगेत बसलं तरी चालेल, बोलायचं बंधन नाही. पूर्वी ते तिथे खंजिरी वाजवायचे, दोन वर्षांपासून बंद होतं. खंजिरीचा विषय मुद्दाम काढला नाही. जे काम पन्नास टक्के खात्रीने होईल असं वाटतं, त्याच्या अर्धं द्यावं, हा आमचा अनुभवाचा हिशेब.

तिसरी बैठक जवळपास सगळी झोपेवर गेली. ते आठवड्यातून चार-पाच रात्री वावरात होते. भारी जमिनीत हरभऱ्याला बहुधा दोन ओलितं पुरतात, एक फांद्या फुटताना आणि एक घाटे भरताना. जास्त पाण्याने पीक नुसतं माजतं. मग एवढ्या रात्री कशासाठी? थोडी जागल, आणि बाकी घरात झोप लागत नाही म्हणून. पाण्याच्या पाळ्यांचं त्यांनी कृषी सहायकाला विचारावं असं ठरलं, कारण समुपदेशकाने पिकाचा सल्ला देणं धोक्याचं. जागलीसाठी शेजारच्या तीन वावरांशी पाळी लावली: चौथ्या रात्री एकदा. रात्री जागं राहण्यासाठी खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, चालू होता, दिवसाला सात-आठ पुड्या. तंबाखू झोप उडवतो. एकदम बंद करायला सांगितलं असतं तर तेही मोडलं असतं, म्हणून फक्त संध्याकाळी सातनंतरच्या पुड्या बंद केल्या. चहा चारनंतर नाही. रात्री कितीही वाजता डोळा लागला तरी सकाळी सहाला उठायचं, दुपारची झोप अर्ध्या तासाहून जास्त होऊ द्यायची नाही. झोपेच्या सूचनांत उठण्याची वेळ सर्वांत महत्त्वाची, आणि तीच लोक सर्वांत आधी सोडतात.

चौथ्या बैठकीला ते आले नाहीत. फोन केला तेव्हा म्हणाले, वेचा होता. पुढच्या आठवड्यात आले. नवव्या प्रश्नाचं उत्तर शून्य झालं होतं, झोप पाच तासांवर आली होती, पण एकूण गुण १४. सांगितलेलं सगळं ‘हो मॅडम’ म्हणून केलेलं, तरी मन वर येत नव्हतं. ठरल्याप्रमाणे डॉक्टरांना फोन गेला. गोळीचा विषय पुन्हा निघाला, पुन्हा नको म्हटलं. जिवाचा धोका उतरलेला आणि झोप सुधारत असलेली पाहून डॉक्टरांनी आणखी दोन आठवडे दिले. इथे स्पष्ट सांगायला हवं: बोलण्याचा उपचार हा गोळी टाळायचा रस्ता नाही. धोका कायम असता तर हे दोन आठवडे मिळाले नसते, मिळायलाही नकोत.

अडकलेलं प्रकरण सोडवण्याचा एक मार्ग म्हणजे आणखी कामं देणं. बहुतेक जण तेच करतात. दुसरा मार्ग: माणूस काय टाळतोय ते पाहणं. कॅलेंडरवर दूध होतं, प्रार्थना होती, तूर होती. कापूस कुठेच नव्हता. पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस साठला होता, त्याच्या धुळीने आईला खोकला लागला होता, देणेकरी दारात येत होते, आणि हा माणूस विकायला नेत नव्हता. भावाची वाट पाहतोय, असं सगळे समजत होते. समुपदेशकांनी विचारलं, ‘भाऊ, मागच्या तीन वर्षांत कापूस कोणी नेला?’ चुलतभावाने. ‘आणि त्याच्या आधी?’

त्याच्या आधी धाकट्या भावाने. चार वर्षांपूर्वी पौषात, पहाटे, कापसाची गाडी घेऊन जिनिंगला निघालेला तो धुक्यात रस्त्यावर बंद पडून उभ्या असलेल्या ट्रकवर आदळला. त्या दिवशी यांनी जायचं होतं. ताप होता. ‘म्याच पाठवलं त्याले. एक दिवस थांबलो असतो त काय झालं असतं?’ चार वर्षांत हे वाक्य त्यांनी कोणासमोर उच्चारलं नव्हतं.

इथे सगळ्यात सोपी आणि सगळ्यात निकामी प्रतिक्रिया म्हणजे ‘तुमची काही चूक नाही.’ माणूस मान हलवतो आणि दार बंद होतं. आपण बोललो ते समोरच्याला ऐकवत नाही, असं त्याला वाटतं. पाचवी बैठक पूर्ण त्या पहाटेवर गेली. आदल्या रात्रीपासून क्रमाने सांगायला सांगितलं: ताप किती होता, भावाने काय म्हटलं, गाडी किती वाजता निघाली, तेव्हा धुकं होतं का. सांगतासांगता कळलं की निघताना धुकं नव्हतंच, ते पुढे नाल्याजवळ लागलं. आणि ‘तू पड, मी जातो’ हे भावानेच म्हटलं होतं. मग दोन गोष्टी वेगळ्या काढल्या: त्या पहाटे काय माहीत होतं आणि आज काय माहीत आहे. शेवटी, त्या अपघाताला काय काय कारणं झाली ती त्यांनीच मोजली. बंद ट्रक, मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नाही, धुकं, गाडीचे कमजोर लाइट, आणि ‘माझा ताप’. पाचात एक. अपराधभाव यातून नाहीसा होत नाही, होईल अशी अपेक्षाही ठेवू नये. पण तो एकट्याच्या डोक्यावर पूर्ण राहत नाही.

मागचे हिवाळे पुन्हा पाहिले तेव्हा चित्र जुळलं. दुसऱ्या हिवाळ्यात विहिरीची मोटर जळाली होती, हरभरा पेरलाच नव्हता, ओलीत नव्हतं. तो हिवाळा इतरांपेक्षा बरा गेला, फक्त तिथीच्या आसपासचे पंधरा दिवस वाईट. दिवस तेव्हाही तेवढेच लहान होते. म्हणजे दोन वेगळी दुखणी एकाच महिन्यांत येत होती: रात्रीच्या जागरणाचं आणि भावाचं. झोप सुधारून गुण फक्त दोनने उतरले, त्याचं कारण हे.

सहावी बैठक कापसाची. पैशांचे प्रश्न कागदावर मांडले, सुटण्याजोगे एकीकडे, न सुटणारे दुसरीकडे. बाजारभाव, पाऊस, बोंडअळी या गोष्टी दुसरीकडे गेल्या. पहिल्या बाजूला उरलं: कापूस हमीभावाच्या केंद्रावर न्यायचा. २०२५-२६ च्या हंगामात मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये क्विंटल हमीभाव होता. नोंदणी कपास किसान ॲपवर. ती मुलाने अमरावतीहून करून दिली, सातबारा आणि आधारचे फोटो मागवून. ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला तर केंद्रावर कापूस परत होतो, आणि पहाटे दंवात भरलेली गाडी हमखास अडते. म्हणून दोन दिवस उन्हात पसरून, दुपारी भरायचा. दिवसा निघायचं, हे त्यांच्यासाठी वेगळ्याही कारणाने गरजेचं होतं. गाडी चुलतभाऊ चालवणार, ते शेजारी बसणार. ‘एकट्याने जा, भीती मोडेल’ असं कोणी म्हणू नये. नाल्याजवळ पाच मिनिटं थांबले, परत फिरले नाहीत. त्या दिवसाची संध्याकाळची पैसेवारी ३०. ठरवलेलं अवघड काम झालं त्या दिवशी मन वर असतंच असं नाही. तिसऱ्या दिवशी ५५. पुढच्या तपासणीत गुण १०.

सातव्या बैठकीला बायकोला सोबत बोलावलं. ‘हिंमत धरा’, ‘लोकांचं पाहा किती वाईट चाललंय’ ही वाक्यं ती प्रेमाने बोलत होती आणि त्यांना ती ओरडल्यासारखी ऐकू येत होती. त्याऐवजी काय म्हणायचं ते तिथेच बोलून पाहिलं: ‘आज सकाळचा आकडा किती?’ एवढं पुरे. तिथीचा दिवसही याच बैठकीत आखला. भावाच्या पत्नीचे ते भासरे. घरच्या रीतीने दोघं समोरासमोर बोलत नाहीत, त्यामुळे एकाच घरात चार वर्षं दोघांचं दुःख वेगवेगळ्या खोल्यांत राहिलं. रीत मोडा असं समुपदेशकांनी सांगितलं नाही. आईच्या मध्यस्थीने ठरलं की त्या दिवशी नैवेद्य दोघी जावा मिळून करतील आणि भावाच्या मुलीला घेऊन हे वावरात जातील. आठव्या बैठकीत गुण ६. मार्चमध्ये ५. पूर्ण बरं म्हणायला ५ च्या खाली यावं लागतं, तेव्हा याला पूर्ण बरं म्हणता येत नाही. तिथीच्या आठवड्यात पैसेवारी २० पर्यंत उतरली होती, आणि पाच दिवसांत परत वर आली.

मदत मागताना

अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ हा कार्यक्रम झाला होता. तिथे नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोहोचणाऱ्यांचं प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. गावातच ओळखीच्या माणसाने विचारपूस केली तर लोक येतात, हे त्यातून दिसलं. म्हणून सुरुवात आशाताईंपासून किंवा उपकेंद्रापासून करावी. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक आपल्या ग्रामीण रुग्णालयात कोणत्या दिवशी येतं, ते तिथेच विचारावं. खिडकीवर ‘मानसिक’ म्हणायला जड जात असेल तर ‘झोप आणि टेन्शनसाठी समुपदेशकांना भेटायचं’ एवढं सांगितलं तरी चिठ्ठी योग्य खोलीकडे जाते. सोबत नेण्यासारखं: चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची रिकामी पाकिटं, जुने रक्ताचे अहवाल, आणि गेल्या वर्षी हेच कधी सुरू झालं होतं त्याचा महिना. पहिल्या भेटीत विचारून घ्यावं: एकूण किती बैठका, कोणत्या वारी, आणि दोन बैठकांच्या मध्ये त्रास वाढला तर फोन कोणाला. जायला जमतच नसेल तर १४४१६ वर बोलावं. मरणाचा विचार येत असेल, खाणंपिणं सुटलं असेल, किंवा नसलेले आवाज ऐकू येत असतील, तर समुपदेशनाच्या वाराची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा आणि तोपर्यंत माणसाला एकटं सोडू नये.

या प्रकरणात पुढच्या वर्षाच्या कॅलेंडरवर चार खुणा आधीच झाल्या आहेत. शेवटची फवारणी संपली की उरलेली औषधं त्याच दिवशी चुलतभावाच्या पेटीत. दसऱ्याला नऊ प्रश्न पुन्हा, आशाताईंकडून. दिवाळीच्या आत जागलीची पाळी ठरवणं, हरभरा दोन एकरांऐवजी एक. तिथीच्या आधीच्या बाजारी समुपदेशकांकडे एक बैठक. दसऱ्याला गुण १० किंवा त्याहून जास्त आले, तर दिवाळीपर्यंत न थांबता मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचं आणि गोळीचा निर्णय नव्याने घ्यायचा. त्याला त्यांनी या वेळी हो म्हटलं आहे.